दोन यकृतांचा एकच आलेख

निरोगी माणसं मिळेनात, हीच पहिल्या महिन्यातली सगळ्यात मोठी अडचण होती.

२०३९ सालचा नोव्हेंबर. मिरजेच्या एका यकृतरोग संशोधन केंद्रात ‘पारख’ नावाचं नवं यंत्र येऊन बसलं होतं आणि त्याला शिकवायला तीस धडधाकट यकृतं हवी होती. आजारी यकृत कसं असतं हे ओळखायचं, तर बरं यकृत कसं असतं हे आधी यंत्राला दाखवायला हवं. केंद्रातले कर्मचारी, त्यांचे मेहुणे, कँटीनवाले, समोरचा झेरॉक्सवाला असे सगळे त्या टेबलावर झोपून गेले. कुणाच्या यकृतात चरबी निघाली, कुणी आदल्या दिवशीच्या पार्टीत प्यायलेलं लपवून आलेला निघाला. एकोणतीसवर गाडी अडली.

“तिसावी मी,” रेवती मगदूम म्हणाली.

रेवती केंद्राची मुख्य तंत्रज्ञ. वय छत्तीस. पारखची पेटी ट्रकमधून उतरली तेव्हापासून यंत्राचा प्रत्येक स्क्रू तिच्या हाताखालून गेला होता. यंत्र तिचं बोलणं ऐकतं, असं लोक थट्टेनं म्हणत.

“तू?” केंद्राच्या प्रमुख डॉ. तस्नीम मुजावर हसल्या. “दोन वर्षांपूर्वी म्हणाली असतीस तर मी हाकलून दिलं असतं.”

ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांच्या तपासणीत रेवतीच्या अहवालावर ‘यकृतात चरबी’ असा शेरा आला होता. दिवसभर लोकांची यकृतं बघणाऱ्या बाईचं स्वतःचंच यकृत चरबीनं भरलेलं, याची तिला भयंकर लाज वाटली. तिनं साखर सोडली, सकाळी चालायला लागली. वजन उतरलं, यकृतातली चरबी गेली. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण थांबायचं कुठे, हे त्या अहवालावर कुणी लिहिलेलं नव्हतं. साखरेनंतर भात गेला, भातानंतर भाकरी गेली, मग रात्रीचं जेवण. आता ती चारचौघींसारखी सडपातळ दिसत होती. हाडं दिसावीत अशी मुळीच नाही. लग्नकार्यात बायका तिला कोपऱ्यात घेऊन विचारत, “काय केलंस गं? आम्हालाही लिहून दे की.” केस गळत होते, ऑक्टोबरच्या उकाड्यातही बोटं गार पडत होती, पाळी सहा महिने आली नव्हती. ते तिनं वयावर आणि कामाच्या ताणावर ढकललं होतं.

ती टेबलावर झोपली. डॉ. मुजावरांनी उजव्या बरगड्यांखाली थंडगार जेल लावलं, त्यावर पारखचा चपटा डोळा टेकवला. वीस मिनिटांत काम झालं. कपडे सावरून ती लगेच पुढच्या माणसाच्या तयारीला लागली, कारण त्या दिवशी पहिली खरी रुग्ण यायची होती.

सहा नंबरच्या खाटेवरची अनुश्री. जयसिंगपूरची, एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. जेवणाचीच भीती बसावी असा आजार तिला दोन वर्षांपासून होता. ती इतकी वाळली होती की चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं. रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स चौपट झालेली. वडील म्हणत होते कावीळ असेल. पण काविळीचा विषाणू कुठेच सापडत नव्हता.

पारखची खरी गरज होती ती इथेच. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातली एन्झाइम्स रक्तात सांडतात. रक्ततपासणी ते सांडलेलं मोजते. पण पेशी का फुटल्या, ते तिला कळत नाही. पारख प्रकाशाचे बारीक ठोके यकृतावर सोडी, त्या ठोक्यांनी पेशींमधून जे सूक्ष्म आवाज उठत ते ऐके आणि त्यावरून सुई न टोचता पेशींच्या आतलं चित्र काढी. तीन रेषा पडद्यावर येत. हिरवी रेषा साठवलेल्या साखरेची. पिवळी चरबीची. आणि तिसरी, लाल, स्वभक्षणाची.

यकृत हे शरीराचं कोठार. जेवलं की ते साखर भरून ठेवतं, उपास पडला की थोडी थोडी बाहेर काढतं. कोठार रिकामं झालं की अंगातल्या चरबीवर निभावतं. पण भूक महिनोन्‌महिने चालली, तर पेशी स्वतःचेच भाग मोडून खायला लागते. थोडंसं स्वभक्षण सगळ्यांतच रोज चालतं. ती घरातली झाडलोट. मर्यादेबाहेर गेलं की पेशी स्वतःला पोखरून फुटते.

अनुश्रीची लाल रेषा पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. हिरवी जमिनीला.

संध्याकाळी दिवसभराच्या फाइली लावताना रेवतीनं दोन आलेख शेजारी ठेवले आणि कपाळाला आठी घातली. स्वयंसेवक क्रमांक तीस आणि खाट क्रमांक सहा. दोन्हींत हिरवी खाली, पिवळी नाहीशी, लाल वर. जणू एकाच माणसाचे दोन फोटो.

“फाइली अदलाबदल झाल्या,” ती स्वतःशी म्हणाली. पण अदलाबदल झाली असती तर एक तरी आलेख वेगळा हवा होता.

त्याच क्षणी डॉ. मुजावर मागून डोकावल्या. “अनुश्रीचे दोन कशाला काढलेस?”

“चुकून पडला, मॅडम. काढते.”

हे उत्तर इतक्या सहज कसं आलं, याचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती केंद्रात हजर होती. यंत्र बिघडलं की रेवतीला राग येत नसे, हुरूप येई. तिनं जिलेटिनचा चाचणीचा ठोकळा लावला. पारखनं तो अचूक वाचला. डोळा बदलला. जेलची नवी बाटली फोडली. झेरॉक्सवाल्याला चहाचं आमिष दाखवून परत झोपवलं. त्याचं यकृत कालच्यासारखंच ठणठणीत. मग दार लावून ती स्वतः झोपली आणि हात वाकवून स्वतःच डोळा धरला. लाल रेषा कालच्यापेक्षा केसभर वरच होती.

क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला अभिमान वाटला. तिच्या डाएटच्या ग्रुपवर ‘स्वभक्षण’ हा मोठा लाडका शब्द होता. उपाशी राहा, शरीर आपला कचरा आपणच खातं, असं तिथे सगळे एकमेकांना सांगत. आणि तिची रेषा तर सगळ्यांच्या वर असणार! मग नजर हिरव्या रेषेकडे गेली. कोठारात काही म्हणजे काहीच नव्हतं. कचरा कधीच संपला होता.

तिनं वहीत यंत्राच्या चुकीची संभाव्य कारणं लिहिली होती, अकरा. एकेक खोडत ती तळाला आली. एकही उरलं नाही.

तरीही ती कबूल करायला तयार नव्हती. उलट तिनं एक प्रयोग केला. तीसही निरोगी आलेख पारखला दिले आणि मग अनुश्रीचा आलेख तपासायला सांगितलं. निरोगीपणाची सीमा पारख या तीस जणांवरूनच आखत असे. पडद्यावर उत्तर आलं: ‘सामान्य मर्यादेत.’

रेवती खुर्चीत ताठ झाली. सहा नंबरच्या खाटेवर सलाइन लावून पडलेली पोर तिच्या लाडक्या यंत्राला ठीकठाक वाटत होती, आणि ती केवळ क्रमांक तीसमुळे. तीस नंबर काढला, परत विचारलं. ‘तीव्र उपासमार.’

काढून टाकायचं, एवढंच. त्यासाठी एक अर्ज भरावा लागे; त्यात एक रकाना होता, ‘वगळण्याचे कारण’. रेवतीनं लिहिलं, ‘त्या दिवशी ताप होता.’ पण ‘पाठवा’चं बटण दाबण्याआधी अनुश्रीच्या दुसऱ्या तपासणीची वेळ झाली.

अनुश्रीला टेबलावर घेताना तिचं वजन हाताला जाणवलंच नाही. डोळे मात्र टक्क उघडे, सगळं बघणारे.

“ताई, तुम्ही पूर्वी जाड होता ना?” ती म्हणाली. “वॉर्डातल्या मावशींनी तुमचा जुना फोटो दाखवला. कसलं भारी कमी केलंत! मला कुणी तसं करूच देत नाही. मला काही झालेलंच नाही, तरी इथे डांबलंय.”

रेवतीच्या हातातला पारखचा डोळा हवेतच राहिला. ‘मला काही झालेलंच नाही.’ हे वाक्य ती रोज आरशासमोर म्हणत असे, याच शब्दांत.

“अनुश्री,” ती म्हणाली, “तुझं यकृत आणि माझं यकृत सारखंच दिसतंय.”

मुलीचा चेहरा उजळला. “म्हणजे मी ठीक आहे?”

“नाही गं,” रेवती म्हणाली. “म्हणजे मी ठीक नाही.”

तपासणी आटोपून ती कॉम्प्युटरशी आली, ‘ताप होता’ पुसलं आणि लिहिलं, ‘सदर व्यक्ती निरोगी नाही. रुग्णांच्या यादीत घ्यावी.’ मग अर्जाची प्रत घेऊन डॉ. मुजावरांच्या दारावर टकटक केली.

डॉक्टरांनी कागद वाचला, मग तिच्याकडे बघितलं. “मी रोज तुझ्यासोबत चहा घेते,” त्या म्हणाल्या. “आणि मला दिसलं नाही. हाडं दिसली तरच उपासमार, असं आमच्या डोळ्यांना वळण लागलंय. पण पेशीला तुझं वजन कळत नाही, रेवती. तिला एवढंच कळतं, की जेवढं हवं तेवढं आत येत नाही, आणि कधीपासून येत नाही.”

“हे बरं होतं?”

“यकृत? फार लवकर होतं. इतका क्षमाशील अवयव दुसरा नाही. मनाचं वेगळं. त्याचे डॉक्टर वेगळे, तिथे घाई चालत नाही. दोन्हींकडे जायचं. आणि घरी सांगायचं, आजच.”

रेवतीचा नवरा सम्मेद कवलापूरजवळच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर होता. शांत, व्यवस्थित माणूस. बेदाण्याची प्रत नुसत्या बोटांच्या स्पर्शानं सांगणारा. तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला. “अगं, पण तू तर छान दिसतेस!” मग ती हसत नाही हे बघून समोर येऊन बसला.

“वर्षभर आपण एका टेबलावर जेवतोय,” तो म्हणाला. “मला कसं कळलं नाही?”

“तू जेवत होतास. मी वाढत होते.”

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. आहारतज्ज्ञानं आखून दिलेलं, टप्प्याटप्प्यानं वाढवायचं जेवण. दर गुरुवारी समुपदेशक. दर सोमवारी रक्त; त्यातली एन्झाइम्स पहिल्याच वेळी चढलेली निघाली होती. शिवाय डॉ. मुजावरांनी तिच्या बरगडीखाली पारखची छोटी पट्टी चिकटवली, रेवतीनंच जुळवलेली. हिरव्या आणि लाल रेषेचा कच्चा अंदाज ती दर तासाला फोनवर पाठवी. रेवतीच्या फोनवर आणि तिच्या संमतीनं सम्मेदच्याही.

ती संमती तिला महागात पडली. सम्मेद बेदाण्याच्या गोण्यांमध्ये उभा राहून बायकोचं यकृत बघू लागला. हिरवी रेषा जरा खाली सरकली की फोन. “काही खाल्लं नाहीस का? अकरा वाजले.” घरी आला की चेहऱ्याआधी फोनकडे नजर. आणि रोज संध्याकाळी त्याच्या हातात काही तरी असायचं: बेदाणा घातलेला शिरा, बासुंदी, पेढे. आहारतज्ज्ञाचा तक्ता फ्रिजवर लटकत होता, पण सम्मेदला वाटे, त्यात लिहिलंय त्याच्या दुप्पट दिलं तर ती दुप्पट लवकर बरी होईल. रेवतीला प्रत्येक घास गिळताना घाम फुटे. तरी ती गिळत होती. त्याच्यासाठी, आणि त्या रेषेसाठी.

तिसऱ्या सोमवारी रक्ताचा अहवाल आला. एन्झाइम्स आधीपेक्षाही वर गेलेली.

सम्मेदनं अहवाल दोनदा वाचला. “तू परत जेवण टाकून देतेस,” तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मी सगळं खाल्लंय, सम्मेद.”

“मग हे काय आहे? उपाशी होतीस तेव्हा आकडा चढला होता. आता परत चढलाय. मी काय समजू?”

“फोनवर रेषा बघ ना! हिरवी वर आहे.”

“त्या पट्टीलाही तू फसवत असशील. पट्टी तूच बनवलीस.”

रेवतीला संताप आला. वर्षभर ती खोटं बोलली होती आणि त्यानं मानलं होतं. आज पहिल्यांदा खरं बोलत होती. आणि त्या रागाखाली, तळाशी, दुसरंच काही तरी हळूच डोकं वर काढत होतं. बघ, ते म्हणत होतं, अन्नच तुला सोसत नाही. उपाशी होतीस तेव्हा आकडा कमी होता. आता कागदावर पुरावाच आहे. सोड हे सगळं.

त्या आवाजाची तिला अहवालापेक्षा जास्त भीती वाटली. पण त्याच वेळी तिच्यातली तंत्रज्ञ जागी झाली. एका आकड्याला दोन कारणं असू शकतात की नाही? पारख बनली ती कशासाठी?

“चल,” ती म्हणाली. “माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण चल.”

तासाभरात ती टेबलावर होती आणि सम्मेद पडद्यासमोर. पारखचा डोळा डॉ. मुजावरांच्या हातात. तीन रेषा उमटल्या. लाल जवळजवळ जमिनीला टेकलेली. हिरवी काठोकाठ. आणि पिवळी, जी तीन आठवड्यांपूर्वी दिसतही नव्हती, ती ताडकन उभी.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाल्या. “लाल खाली आहे. म्हणजे ही जेवतेय. प्रामाणिकपणे जेवतेय. खोटं बोललेली नाही.”

सम्मेदनं वाकून लाल रेषा पुन्हा बघितली.

“मग आकडा का चढला?” रेवतीनंच विचारलं. टेबलावर पडल्या पडल्या तिची मान पडद्याकडे वळली होती.

“रिकाम्या कोठारात एकदम ट्रक रिकामा केला तर काय होईल? इतके महिने उपाशी असलेल्या यकृताकडे साखरेचा लोंढा आला. जागा भरली. उरलेल्या साखरेची ते चरबी करत सुटलं आणि त्या चरबीनं पेशी फुगल्या, गळायला लागल्या. रक्तात एन्झाइम तेच. उपासमारीत आकडा चढला तर जास्त खायला घालायचं. असा चढला तर सावकाश घालायचं. नुसतं रक्त बघून उपचार केले असते तर आपण आणखी कोंबलं असतं. किंवा हिनं घाबरून सगळंच सोडलं असतं.”

“सोडणारच होते,” रेवती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून बघितलं. “हे गुरुवारी सांग. याच शब्दांत.” मग त्या सम्मेदकडे वळल्या. “तक्त्याबाहेर गोड किती जातं?”

सम्मेदनं शिऱ्यापासून पेढ्यांपर्यंत सगळं सांगितलं, गुन्हा कबूल करावा तसं. डॉ. मुजावरांनी कपाळाला हात लावला. “नशीब, तिच्या रक्तातलं फॉस्फरस टिकून राहिलं. अशा लाडानं ते एकदम खाली जातं आणि माणसाच्या हृदयावर बेततं. प्रेम करा, पण तक्ता बघून करा.”

बाहेर आल्यावर दोघं पार्किंगमध्ये गाडीशी उभी राहिली. सम्मेदनं किल्ली काढली, पण लावली नाही.

“यंत्रानं सांगितल्यावर मी मानलं,” तो म्हणाला. “तू सांगितलंस तेव्हा नाही.”

“मी वर्षभर खोटं बोलले होते. तुझं चुकलं नाही.”

“चुकलं,” तो म्हणाला. “तू खरं बोलत होतीस.”

गोडाधोडाचा मारा थांबला. तक्ता तसाच फ्रिजवर राहिला, आता अक्षरशः पाळला जाऊ लागला. पिवळी रेषा सहा आठवड्यांत उतरली, एन्झाइम्स त्यामागोमाग. अनुश्रीचा रस्ता इतका सरळ नव्हता. ती घरी गेली, दोन महिन्यांनी परत भरती झाली, परत घरी गेली. पण दुसऱ्या खेपेला तिच्या रक्तातला आकडा चढला तेव्हा कुणी तिला खोटारडी म्हटलं नाही. आधी पारख लावली. तिचे वडील आता रेवतीला अधूनमधून फोन करून नुसतं एवढंच सांगत, “आज अर्धी भाकरी खाल्ली.” आणि रेवती म्हणे, “तिच्यासमोर मोजू नका, काका.”

मार्च संपता संपता डॉ. मुजावरांनी रेवतीच्या बरगडीखालची पट्टी सोलून काढली. यकृत पूर्ण बरं झालं होतं. पट्टीच्या जागी कातडीवर गुलाबी चौकोन राहिला.

“आता पुढे?” रेवतीनं विचारलं. तिला मोकळं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते उघडं पडल्यासारखं.

“आता गुरुवार चालू ठेवायचे,” डॉक्टर म्हणाल्या. “पारखला यकृतापलीकडचं दिसत नाही.”

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. कामाच्या गर्दीचा दिवस होता. गडहिंग्लजहून एक कुटुंब आलं होतं, त्यांच्यात सकाळ कशी गेली कळलं नाही. दोनला तिनं डबा उघडला, भाकरी बघितली. तिनं झाकण परत लावलं. इतकं सोपं होतं ते. कोणतीही रेषा कुठेच हलली नाही. कुणाचा फोन वाजला नाही.

सहाला सम्मेद फाटकाशी गाडी घेऊन उभा होता. तिनं आधी त्याच्या हाताकडे बघितलं, सवयीनं. हातात फोन नव्हता.

“कसा गेला दिवस?” त्यानं विचारलं. “जेवण झालं होतं?”

“हो,” असं तिच्या तोंडून निघालंसुद्धा. तयार, गुळगुळीत, वर्षभर वापरून घासलेलं. सम्मेदनं मान डोलावली आणि गाडी सुरू केली. त्याच्या चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नव्हता. त्यानं मानलं होतं. तपासायला आता काहीही नव्हतं. त्याच्याकडेही नाही, तिच्याकडेही नाही.

“थांब,” ती म्हणाली. “गाडी बंद कर.”

त्यानं बंद केली.

“नाही जेवले. डबा तसाच आहे. उघडला आणि बंद केला.”

ती वाट बघत राहिली, ओरडण्याची, उसाशाची, कपाळाला हात लावण्याची. सम्मेद गाडीवरून उतरला. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली पेशंटच्या नातेवाइकांसाठी सिमेंटचा बाक होता, त्यावर जाऊन बसला आणि शेजारची जागा हातानं झटकली.

“मलाही भूक लागलीये,” तो म्हणाला. “काय आहे?”

“भाकरी. दोडक्याची भाजी. गार झालीये.”

“असू दे.”

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. डबा मांडीवर घेतला. झाकण काढलं. भाकरीचे दोन तुकडे केले, एक त्याला दिला, आणि तो काय करतो हे न बघता स्वतःचा पहिला घास मोडला.